ग्रंथसूचीचे संगणकीकरण : प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

वाचनालयाच्या ग्रंथसूचीसाठी नवी संगणक प्रणाली तयार करण्याचे काम मी आजपासून रीतसर हाती घेतले. हे कोकणातील एका तालुक्याच्या गावातले सार्वजनिक वाचनालय आहे. जुन्या दाखलनोंद वह्या सुस्थितीत आहेत. त्यांतील बऱ्याच नोंदी मधल्या काळात एका संगणक प्रणालीत भरल्या गेल्या होत्या, पण ती प्रणाली तयार करून देणाऱ्याने हा व्यवसाय केव्हाच सोडला. त्यामुळे त्या नोंदी पडद्यावर दिसतात, मात्र बाहेर काढता येत नाहीत, आणि ज्या एका संगणकावर ती प्रणाली चालते तो बंद पडू नये म्हणून त्याला कोणी हातही लावत नाही.

कार्यकारी मंडळाच्या बैठकीत दोन मते मांडली गेली. पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय या दोन मतांशी येऊन भिडणार असल्यामुळे ती येथे लिहून ठेवतो. कार्यवाहांचे म्हणणे असे की, उद्या नवा माणूस कामावर आला तरी त्याला काहीही शिकवावे लागू नये, इतकी प्रणाली सोपी असावी. कोषाध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले आहेत. ते म्हणाले, "आमच्याकडे संगणक आले तेव्हा ते कोणी सोपे करून दिले नव्हते, आम्ही शिकलो. इथेही शिकायलाच हवे." ग्रंथपाल बाई बैठकीत काही बोलल्या नाहीत. नंतर त्यांनी एवढेच विचारले, "वह्या बंद होणार का?" तपासणीला दाखलनोंद वही लागतेच, त्यामुळे ती चालू राहील, असे त्यांना सांगितले.

दोन्ही वक्ते 'वापरणारा' हा जणू एकच माणूस आहे असे धरून बोलत होते. येथे निदान तीन वेगळी माणसे आहेत. एक वाचक, जो महिन्यातून एखाद्या वेळी सूचीत काही शोधतो. दुसरे देवघेव विभागातील लिपिक, जे तीच दोन-चार कामे दिवसभर करतात. तिसऱ्या ग्रंथपाल, ज्या नोंद तयार करतात आणि जिच्या अचूकतेची जबाबदारी त्यांच्यावर असते. या तिघांनी सारखेच शिकावे, किंवा तिघांनीही काहीच शिकू नये, असे म्हणण्याला काही आधार मला दिसत नाही.

६ जून

दुपारनंतर देवघेव विभागात बसून काम पाहिले. जुन्या प्रणालीच्या पडद्याच्या कडेला एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर कोणती कळ केव्हा दाबायची, कोणता रकाना रिकामा सोडायचा नाही, शेरा भरल्याखेरीज पुढे जाता येत नसल्यामुळे तेथे नुसता टिंब द्यायचा, असे सारे सुवाच्य अक्षरात लिहिलेले आहे. हा कागद मी उतरवून घेतला. त्यातील टिंबासारख्या सूचना म्हणजे प्रणालीने स्वतःचे ओझे लिपिकांच्या स्मरणशक्तीवर टाकल्याचा पुरावा आहे, आणि त्या पुसल्या जायला हव्यात. पण त्याच कागदावर 'दिवाळी अंक तीन दिवस', 'अनामत न भरलेल्यास संदर्भग्रंथ नाही' असेही लिहिलेले आहे. ते वाचनालयाचे नियम आहेत. ते प्रणालीत घातले तरी लिपिकांना माहीत असावेच लागतील, कारण काउंटरवर वाचकाला उत्तर त्यांनाच द्यायचे असते.

एक गोष्ट विशेष लक्षात आली. पुस्तक परत घेताना प्रणाली दर वेळी "खात्री आहे का?" असे विचारते आणि लिपिक तो प्रश्न वाचण्यापूर्वीच कळ दाबतात. ज्या प्रश्नाचे उत्तर नेहमी होकारार्थीच असते, तो प्रश्न माणसाला सावध करत नाही, उलट न वाचण्याची सवय लावतो.

१२ जून

वाचनालयातील सर्व कर्मचाऱ्यांकडे संगणकाचे प्रमाणपत्र आहे आणि तरीही संगणकासमोर बसताना प्रत्येकाच्या मनात धास्ती आहे. यावर कोषाध्यक्षांशी बराच वेळ बोलणे झाले. "प्रमाणपत्र असूनही येत नाही, म्हणजे शिकण्याची इच्छा नाही," असे त्यांचे मत आहे. मला कारण वेगळे वाटते. या मंडळींना जे शिकवले गेले ते प्रामुख्याने ठिकाण होते : अमुक यादी उघडा, वरून तिसऱ्या ओळीवर जा. मायक्रोसॉफ्टने २००७ च्या ऑफिसमध्ये जुन्या याद्या काढून त्यांच्या जागी बटणांची पट्टी आणली, तेव्हा असे शिकलेल्या असंख्य लोकांचे ज्ञान एका आवृत्तीसरशी निरुपयोगी झाले. आपण नीट शिकलो आणि तरी आपल्याला येत नाही, असा अनुभव एकदा आला की माणूस पुढच्या वेळी शिकायला धजत नाही, आणि त्यात त्याचा दोष कमीच असतो.

स्वतः कोषाध्यक्ष मात्र स्प्रेडशीट उत्तम वापरतात. त्यांना कोणत्याही कंपनीची स्प्रेडशीट द्या, ते काही मिनिटांत रुळतात. कारण त्यांनी एक कल्पना आत्मसात केली आहे : प्रत्येक घराला पत्ता असतो, एका घरातील आकडा दुसऱ्या घरांवरून काढता येतो आणि मूळ आकडा बदलला की बेरीज आपोआप बदलते. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ मध्ये ॲपल टू या संगणकासाठी व्हिजिकॅल्क आणले, त्यातही हीच कल्पना होती आणि आजही तीच आहे. तिला पंचेचाळीस वर्षे झाली. हिशेबनीसांना ती पटकन उमगली, कारण उभ्या-आडव्या रकान्यांची खतावणी त्यांच्या रोजच्या कामातलीच होती. तेव्हा 'लोकांनी शिकावे' हे कोषाध्यक्षांचे म्हणणे मी मान्य करतो, पण शिकायची ती टिकाऊ आणि स्वतःच्या कामाशी नाते असलेली कल्पना असावी, कळांचा क्रम नव्हे.

२० जून

जुन्या नोंदी बाहेर काढण्यात गेले काही दिवस गेले. त्या जुन्या, युनिकोडपूर्व पद्धतीच्या फॉन्टमध्ये आहेत (युनिकोड म्हणजे जगभरच्या लिपींतील प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत). त्या पद्धतीत संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराचे दिसणारे तुकडे साठवतो. ऱ्हस्व वेलांटी डावीकडे दिसते म्हणून ती व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, आणि रफार वर दिसतो म्हणून तो व्यंजनानंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उच्चाराप्रमाणे, म्हणजे नेमका उलट आहे. त्यामुळे केवळ चिन्हाला चिन्ह असा तक्ता पुरत नाही, क्रमही फिरवावा लागतो, आणि रफार जोडाक्षरावर असेल तर तो किती व्यंजने ओलांडून मागे न्यायचा हे ठरवावे लागते.

एवढे झाल्यावरही एक अडचण उरते, जी डोळ्यांना दिसतच नाही. 'वाऱ्यावर' या शब्दातील आडवा र युनिकोडमध्ये निदान दोन प्रकारे लिहिता येतो : एकदा टिंबवाला ऱ घेऊन, आणि एकदा साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द असतात. 'ॲ'चे तर तीन प्रकार सापडले. कोणी 'अ'वर चंद्र दिला आहे, कोणी 'ए'वर चंद्र असलेले हिंदी वळणाचे अक्षर घेतले आहे, आणि कोणी मराठीसाठीचा स्वतंत्र 'ॲ' वापरला आहे, जो युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला. परिणामी 'ॲडव्होकेट' शोधणाऱ्याला तीनपैकी एकाच प्रकारची पुस्तके सापडणार आणि बाकीची वाचनालयात नाहीतच असे त्याला वाटणार.

येथे कोणाही माणसाने काहीही शिकण्याची गरज नाही, असे माझे ठाम मत आहे. अदृश्य चिन्हांचे ज्ञान ग्रंथपालाच्या कामाचा भाग नाही, मराठी भाषेच्या ज्ञानाचाही नाही. सांकेतिकरणाच्या इतिहासात झालेल्या तडजोडींचा तो गाळ आहे. नोंद कोणत्याही प्रकारे टंकित होवो, साठवण्यापूर्वी प्रणाली तिला एकाच रूपात आणील. देवनागरी अंक आणि इंग्रजी अंक यांनाही हाच नियम लावला. किंमत कशाही अंकांत लिहिली तरी ती स्वीकारली जाईल.

२७ जून

आता शोध. वाचक 'गाडगीळ' हे नाव 'गाडगिळ' असेही लिहितो, 'पुरंदरे' 'पुरन्दरे' असेही लिहितो, आद्याक्षरांनंतर टिंब देतो किंवा देत नाही, मध्ये जागा सोडतो किंवा सोडत नाही. शुद्धलेखन न येणाऱ्याला पुस्तक मिळू नये, असे कोणत्याही वाचनालयाचे धोरण असू शकत नाही. म्हणून शोधापुरते ऱ्हस्व-दीर्घ एक मानले, अनुस्वार आणि परसवर्ण एक मानले, टिंबे आणि जागा गाळल्या.

कार्यवाहांनी हे पाहिले आणि उत्साहाने सुचवले, "मग नोंदी भरतानाही प्रणालीच शुद्धलेखन दुरुस्त करील, असे करा." याला मी नकार दिला. शोधताना 'दिन' आणि 'दीन' एक मानले तर वाचकाला दोन-चार जास्तीची नावे दिसतात, तो ती नजरेने गाळतो आणि नुकसान एका कटाक्षापलीकडे जात नाही. तेच मूळ नोंद भरताना केले तर एक शब्द कायमचा नाहीसा होतो आणि तो नाहीसा झाल्याचे कोणाला कळतही नाही. ग्रंथनाम आतल्या शीर्षकपानावर जसे छापले आहे तसेच नोंदवायचे, जुन्या ग्रंथांतील शीर्षबिंदूंसकट, हा ग्रंथालयशास्त्राचा दंडक आहे आणि तो पाळणे हे माणसाचे काम आहे. सैलपणा हवा तो शोधात. साठवणुकीत तो धोक्याचा आहे.

'कुलकर्णी' आणि 'कुळकर्णी' यांचे मात्र शोधातही सरसकट काही करता येत नाही, कारण ल आणि ळ एक केले की 'काल' आणि 'काळ' एक होतात, आणि अशा एकीकरणाने शोधाचा पुरता गोंधळ होईल.

४ जुलै

कुलकर्णी-कुळकर्णी प्रश्नाचे उत्तर ग्रंथपाल बाईंनी दिले, आणि ते संगणकाच्या आधीचे आहे. जुन्या सूचीपत्रांच्या खणांत 'कुळकर्णी : पाहा कुलकर्णी' अशी पत्रे त्यांनी स्वतः घातलेली होती. लेखकांची अशी अधिकृत नामसूची आम्ही प्रणालीत वेगळी ठेवली : एक प्रमाण नाव, त्याखाली त्याची आढळणारी सर्व रूपे आणि टोपणनावे. दोन सारख्या आद्याक्षरांचे लेखक एकच आहेत की वेगळे, हे प्रणाली सुचवू शकते, ठरवू शकत नाही. ठरवण्यासाठी पुस्तक हातात घ्यावे लागते, मलपृष्ठ वाचावे लागते, कधी प्रकाशकाला विचारावे लागते. बाईंना हे येते. त्यांना फक्त ते पडद्यावर कोठे करायचे एवढे दाखवावे लागले, आणि ते दाखवायला चहा निवायलाही वेळ लागला नाही.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातील चौथा 'वाचकाचा वेळ वाचवा' असा आहे. कर्मचाऱ्यांना काही शिकावे लागू नये, असे त्या पाचांपैकी एकही नियम सांगत नाही. वाचकाचा वेळ वाचतो तो बहुतेकदा दुसऱ्या कोणी आधी वेळ खर्च केलेला असतो म्हणून. 'पाहा' हे पत्र लिहिणाऱ्या बाईंनी तो खर्च केला होता.

१५ जुलै

टंकलेखनाचा प्रश्न अपेक्षेपेक्षा अवघड ठरला. ग्रंथपाल बाई जुन्या टंकयंत्राच्या कळफलकावर शिकलेल्या आहेत, त्यांनी मराठी तीसची, म्हणजे मिनिटाला तीस शब्द टंकण्याची, परीक्षा दिलेली आहे आणि त्यांची बोटे न पाहता चालतात. नोंदी भरायला येणारे महाविद्यालयीन विद्यार्थी रोमन अक्षरे टंकून मराठी उमटवतात, जसे ते मोबाइलवर करतात. लिपिकांना यांपैकी काहीच नीट येत नाही. तेव्हा कोणता कळफलक ठेवायचा?

या प्रश्नाच्या निमित्ताने दोन जुनी उदाहरणे मनात घोळत राहिली. अमेरिकी संगणक संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत आपल्या प्रणालीचे प्रात्यक्षिक दिले, तेव्हा त्यांच्या उजव्या हाताखाली माउस होता आणि डाव्या हाताखाली पाच कळांचा एक छोटा संच. त्या पाच कळा वेगवेगळ्या प्रकारे एकत्र दाबून एकतीस चिन्हे उमटवता येत. जे साधन माणसाची बौद्धिक क्षमता वाढवणार ते आत्मसात करायला माणसाने कष्ट घ्यावेत, अशी एंगलबार्ट यांची धारणा होती. माउस जगभर गेला आणि कळसंच मागे पडला. कार्यवाहांच्या पक्षाला हे उदाहरण फार सोयीचे आहे.

पण दुसरे उदाहरण उलट बाजूचे आहे. ॲपलने १९९३ मध्ये न्यूटन हे हातात धरायचे यंत्र आणले, ते वापरणाऱ्याचे नेहमीचे हस्ताक्षर ओळखेल अशी त्यामागची कल्पना होती, आणि ओळखण्यातील चुकांमुळे ते चेष्टेचा विषय झाले. तीन वर्षांनी, १९९६ मध्ये, जेफ हॉकिन्स यांच्या पाम कंपनीने आणलेल्या पायलट या तशाच यंत्राने माणसालाच थोडे शिकायला लावले. प्रत्येक रोमन अक्षरासाठी हात न उचलता काढायची एक ठरावीक खूण, ग्राफिटी नावाची. त्या खुणा मूळ अक्षरांच्या इतक्या जवळच्या होत्या की थोड्याच सरावाने त्या हातात बसत, आणि लोकांनी त्या आनंदाने शिकल्या. शिकण्याचा भार लहान होता, फळ लगेच मिळत होते आणि चूक झाली तर ती का झाली हे कळत होते. न्यूटनवर चूक झाली तर आपण पुढच्या वेळी काय वेगळे करावे, हे माणसाला कळायचे नाही. मला यातला शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्या साधनाच्या चुका समजून घेता येतात, ते शिकता येते.

निर्णय असा केला की जुन्या टंकयंत्राचा कळफलक, रोमन अक्षरे आणि इनस्क्रिप्ट हा भारतीय लिपींसाठीचा प्रमाण कळफलक, या टंकलेखनाच्या तिन्ही पद्धती चालू ठेवायच्या, कारण साठवण्यापूर्वी सारे एका रूपात येणारच आहे. बाईंना वर्षानुवर्षांचा हात मोडायला लावणे अन्यायाचे होईल. विद्यार्थी तात्पुरते आहेत. लिपिकांना मात्र इनस्क्रिप्ट शिकवायचे, कारण ते नव्याने सुरुवात करत आहेत आणि हे काम त्यांना पुढची अनेक वर्षे रोज करायचे आहे. इनस्क्रिप्टची रचना आपल्या वर्णमालेवर बेतलेली आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने मुख्यतः उजव्या हाताला, आणि क-ख, ग-घ अशा जोड्यांतील महाप्राण त्याच कळेवर शिफ्ट दाबून. शाळेत वर्णमाला शिकलेल्या माणसाला यातले निम्मे आधीच माहीत असते. रोमन लिपीतून मराठी उमटवण्यात सुरुवात सोपी असते, पण 'ण' आणि 'न', 'ळ' आणि 'ल' यांसाठी यंत्र सुचवील त्या शब्दांतून दर वेळी निवड करावी लागते आणि ही निवड सरावाने कधीच संपत नाही.

२६ जुलै

पावसाचा जोर आहे आणि दिवसातून अनेकदा वीज जाते. त्यामुळे 'सेव्ह' या बटणाचा प्रश्न आपोआप निकालात निघाला : ते बटण ठेवलेलेच नाही. प्रत्येक रकाना सोडताच तो साठवला जातो. संगणकाची तात्पुरती स्मृती आणि कायमची स्मृती वेगवेगळ्या असतात ही यंत्राच्या घडणीतली बाब आहे. कागदावर लिहिणाऱ्या कोणाला लिहून झाल्यावर 'आता हे राहू दे' असे वहीला सांगावे लागत नाही.

हाच नियम राखीव प्रतीला लावावा, म्हणजे तीही आपोआप आणि न कळत तयार व्हावी, असा कार्यवाहांचा आग्रह होता. प्रत आपोआप तयार होते हे खरे, पण ती त्याच इमारतीत राहिली तर आग किंवा पाणी दोन्ही प्रतींना एकदमच गाठेल. म्हणून दर शनिवारी पेनड्राइव्ह काढायचा, तो कोषाध्यक्षांच्या घरी न्यायचा आणि तेथला दुसरा परत आणायचा. हे न कळत होण्यासारखे नाही आणि होऊही नये. आपल्या नोंदी नेमक्या कोठे आहेत, हे वाचनालयातील निदान दोन माणसांना प्रत्येक क्षणी सांगता आले पाहिजे. जुन्या प्रणालीच्या वेळी ते कोणालाच सांगता येत नव्हते, आणि ते न कळण्यालाच त्या वेळी सोपेपणा म्हटले गेले होते.

९ ऑगस्ट

ग्रंथ आणि प्रत. वहीत प्रत्येक प्रतीला स्वतंत्र दाखल क्रमांक असतो, त्यामुळे वहीच्या दृष्टीने एकाच कादंबरीच्या पाच प्रती म्हणजे पाच ओळी. सूचीत मात्र ग्रंथ एकदाच दिसावा आणि त्याखाली पाच प्रती, त्यांपैकी किती आत आणि किती बाहेर, असे दिसायला हवे. हा भेद लपवता येईल का, यावर मी बराच विचार केला. नवी प्रत भरताना नाव जुळले तर प्रणालीने गुपचूप ती जुन्या ग्रंथाखाली घालावी, असे करता आले असते. पण नाव तेच आणि आवृत्ती सुधारित, नाव तेच आणि लेखक दुसरा, नाव तेच आणि एक मूळ तर दुसरे संक्षिप्त, अशी उदाहरणे कपाटा-कपाटांत आहेत. गुपचूप केलेली गोष्ट चुकली तर ती शोधायची कोठे, हेही कोणाला कळणार नाही.

म्हणून भेद उघडच ठेवला. नवी प्रत भरताना प्रणाली जुळणारे ग्रंथ समोर मांडते आणि 'यातलाच आहे की नवा?' असे विचारते. हा प्रश्न 'खात्री आहे का?' या जातीचा नाही, कारण याचे उत्तर दर वेळी वेगळे असू शकते आणि ते देण्यासाठी पुस्तकाकडे पाहावे लागते.

मोठी ग्रंथालये वापरतात ती मार्क ही नोंदपद्धती घ्यावी का, हेही पाहून झाले. हेन्रिएट ॲव्हरम यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९६० च्या दशकात ती आकाराला आली. तीत ग्रंथनामाला २४५, लेखकाला १०० असे क्रमांक असतात. बाहेरच्याला ते दुर्बोध वाटतात. पण एकदा शिकलेला ग्रंथपाल जगातल्या कोणत्याही भाषेतील नोंद उघडून २४५ मध्ये ग्रंथनाम आहे हे सांगू शकतो. शिकण्याला असा मोबदला असेल तर अवघडपणा क्षम्य आहे. आमच्या वाचनालयाला आज त्या मोबदल्याची गरज नाही. पुढे जिल्ह्यातील ग्रंथालयांची एकत्र सूची करायची झाली तर लागेल, म्हणून पडद्यावर मराठी रकाने आणि आतल्या रचनेत मार्कच्या क्रमांकांशी जुळणी, असे ठेवले.

२१ ऑगस्ट

जुन्या वह्यांत वर्ष दोनच अंकी आहे. '०७' म्हणजे १९०७ की २००७, हे प्रणालीने ओळखू नये असे ठरवले. दाखल क्रमांकाच्या मागच्या-पुढच्या नोंदी दाखवून ती विचारेल.

४ सप्टेंबर

गणपतीसाठी काम थांबवले. निम्मे गाव मुंबईहून आलेले आहे आणि देवघेव विभागात मात्र बरीच गर्दी आहे. सुट्टीत वाचायला पुस्तके नेणाऱ्यांची.

१९ सप्टेंबर

देवघेवीची चाचणी प्रत्यक्ष काउंटरवर सुरू झाली. 'खात्री आहे का?' पूर्णपणे काढून टाकले. त्याऐवजी शेवटच्या काही व्यवहारांची यादी पडद्याच्या उजव्या बाजूला सतत दिसते आणि प्रत्येकासमोर 'मागे घ्या' असे बटण आहे. पहिल्या तासात लिपिक बिचकत होते, कारण प्रणाली काही विचारत नाही म्हणजे काहीतरी बिघडले आहे, असे त्यांना वाटत होते. दुपारपर्यंत एका चुकलेल्या परतीची नोंद त्यांनी स्वतःच मागे घेतली आणि मला सांगितलेही नाही. ते मी यादीत नंतर पाहिले. चूक सुधारता येते हे कळल्यावर माणूस धीटपणे शिकतो, आणि आधी शिकवून तो धीटपणा आणता येत नाही.

झेरॉक्स आणि ॲपल येथे काम केलेल्या लॅरी टेस्लर यांचे एक मत संगणक क्षेत्रात नियमासारखे सांगितले जाते : प्रत्येक प्रणालीत काही गुंतागुंत अशी असते की ती नाहीशी होत नाही, ती निर्मात्याने उचलायची की वापरणाऱ्याने, एवढाच प्रश्न उरतो. लक्षावधी वापरणाऱ्यांनी एकेक मिनिट वाया घालवण्यापेक्षा अभियंत्याने एक आठवडा जास्त काम करावे, असा त्यांचा युक्तिवाद होता. लक्षावधी वापरणाऱ्यांच्या बाबतीत तो निर्विवाद आहे. पण येथे रोज प्रणाली वापरणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि ती तयार करणारा एकटा मी, तोही पगाराविना. मी जी गुंतागुंत प्रणालीत उचलून ठेवतो ती नाहीशी होत नाही. माझ्यानंतर जो कोणी ही प्रणाली सांभाळेल त्याच्या वाट्याला ती जाते. आणि तो कोणीच नसेल, तर वाचनालय पुन्हा त्याच बंद संगणकासमोर येऊन उभे राहील. सोपेपणा हवा असे म्हणताना तो कोणावर अवलंबून राहून मिळणार आहे, हे बैठकीत कोणी विचारले नव्हते.

त्यामुळे एक बंधन स्वतःवर घालून घेतले. मराठीत एका पानावर लिहून ग्रंथपालांना समजावता येईल, असाच नियम प्रणालीत राहील. शोधासाठीची एकीकरणाची कोष्टके मूळ आज्ञावलीत न ठेवता साध्या तक्त्यात ठेवली, जो बाई स्वतः उघडून वाढवू शकतात. संपूर्ण सूची दर शनिवारी राखीव प्रतीबरोबर साध्या मजकूर फाइलमध्येही उतरते आणि ती कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये उघडते. कोषाध्यक्षांनी ती उघडून किमतींची बेरीज केली, वहीतल्या बेरजेशी ताडली आणि मगच मान डोलावली.

४ ऑक्टोबर

वाचकांसाठीचा शोधपडदा दर्शनी भागात ठेवला. त्यावर एकच रकाना आहे. लेखक, ग्रंथनाम किंवा विषय यांपैकी काय शोधायचे ते आधी निवडा, अशी अट नाही. येथे कार्यवाहांचे म्हणणे शब्दशः पाळले : वाचकाला काहीही शिकावे लागणार नाही.

क्रमवारीचा प्रश्न मात्र आला. संगणकाचा मूळ क्रम चिन्हांच्या क्रमांकांवर चालतो, त्यामुळे 'ळ' 'ल'च्या लगेच नंतर येतो आणि 'ज्ञ' 'ज'मध्ये मिसळतो. शाळेतल्या वर्णमालेत 'ळ' 'ह'नंतर येतो आणि 'क्ष', 'ज्ञ' अगदी शेवटी. जुन्या सूचीपत्रांत 'ज्ञ'चा खण शेवटचा होता आणि वयस्कर वाचक तेथेच पाहतात, म्हणून यादी त्याच क्रमाने लावली. वाचकाला नवा क्रम शिकवण्यापेक्षा संगणकाला जुना शिकवणे पुष्कळ स्वस्त पडते.

एका ज्येष्ठ सभासदांनी शोधपडद्याकडे पाहून सांगितले की ते बाईंनाच विचारतील. ती सोय काढून घेण्याचा कोणाचाही विचार नाही.

१८ ऑक्टोबर

कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण झाले. ते मुद्दाम कपाटांसमोर घेतले, संगणकासमोर नाही. ग्रंथ आणि प्रत यांतला भेद पाच प्रती हातात देऊन सांगितला. प्रमाण नाव आणि त्याची रूपे सूचीपत्रांच्या जुन्या खणावरून सांगितली. नोंद कोठे साठते आणि राखीव प्रत कोठे जाते हे सांगताना पेनड्राइव्ह प्रत्यक्ष फिरवला. बटणांविषयी काही शिकवले नाही, कारण ज्या बटणाचा उपयोग कल्पना कळूनही उमगत नसेल, त्या बटणाचे नाव किंवा जागा बदलावी असे ठरवले होते. अशी दोन बटणे निघाली आणि ती त्याच संध्याकाळी बदलली. इनस्क्रिप्टचा सराव लिपिक रोज दुपारी थोडा वेळ करत आहेत. वेग अजून कमी आहे आणि एक जण वैतागलेलेही आहेत. दिवाळीनंतर पुन्हा पाहू.

कोषाध्यक्षांच्या मते प्रशिक्षण फारच थोडे झाले. कार्यवाहांच्या मते ते लागलेच कशाला.

२६ ऑक्टोबर

दिवाळी अंक येऊ लागले आहेत. अंकांच्या नोंदी ग्रंथांप्रमाणे करायच्या की वेगळ्या, यावर बाईंनी निर्णय दिला : वेगळ्या, कारण अंकांची पडताळणी वर्षअखेरीस होत नाही आणि दिवाळी अंक वाचायला देण्याची योजना संपल्यावर त्यांतील बरेच बाद होतात. मुदत तीन दिवस हा नियम प्रणालीत घातला आहे, पण लिपिकांना तो बदलण्याची मुभा ठेवली आहे. सवलत दिली तर कोणी आणि का दिली एवढे नोंदले जाते. ही मुभा असू नये असे मंडळातील एकाचे म्हणणे होते. तरीही ती ठेवली, कारण वाचनालयाच्या मागच्या डोंगरवाडीतून येणाऱ्या सभासदाला एसटी केव्हा मिळते हे लिपिकांना माहीत आहे.

जुनी प्रणाली असलेला संगणक आज बंद केला. पुढच्या टप्प्यात सभासदांना सूची मोबाइलवर दिसावी, अशी मागणी आहे. कोणी कोणते पुस्तक नेले आहे ही माहिती त्यात कोठेही बाहेर जाऊ नये, ही अट मंडळाने ठरावात लिहून द्यावी असे पत्र कार्यवाहांना दिले आहे. ठराव झाल्याशिवाय त्या कामाला हात लावणार नाही.